दांडिया बाजारातले फोन सिस्टीमवाले काका: मशीन विकायच्या आधी वही घेऊन मोजायला बसले

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते शेवटी लिहिते. रिव्ह्यू लांबणार आहे हे आधीच सांगते, कारण बडोद्यात दवाखाने, लॅब, क्लासेस, केटरिंग चालवणारी आपली मराठी मंडळी भरपूर आहेत आणि आमच्याकडे जे होत होतं ते त्यांच्याकडेही होत असणार, फक्त आमच्यासारखंच त्यांनाही ते दिसत नसणार.

आमची पॅथॉलॉजी लॅब आहे कारेलीबागेत. सासऱ्यांनी सुरू केलेली, आता जाऊबाई डॉक्टर म्हणून बघतात आणि काउंटर, फोन, होम कलेक्शन हे सगळं माझ्याकडे. लॅबचा फोन म्हणजे सकाळचा फोन. रात्रीपासून उपाशी असलेले शुगरचे पेशंट सातपासून विचारायला लागतात की माणूस कधी येतोय. गेली दोन वर्षं तक्रार एकच, "फोन लागत नाही". आम्हाला वाटायचं लोक वाढवून सांगतात, कारण आम्ही तर समोरच बसलेलो असायचो आणि कित्येकदा तीनपैकी एखादी लाइन मोकळी दिसायची.

मग एका सोमवारी प्रतापनगरहून एक आजोबा रिक्षा करून आले, ऐंशीच्या पुढचे, उपाशीपोटी, हात थरथरत होते. त्यांनी काही न बोलता मोबाइलची स्क्रीन माझ्यासमोर धरली. आमचाच नंबर, एकाखाली एक, अकरा वेळा. ७.३२, ७.३३, परत ७.३३, ७.३५, असं आठ वाजून गेले तोपर्यंत. "बेन, फोन तो राखो छो ने?" एवढंच विचारलं. त्यांचं सॅम्पल आधी घेतलं, चहा-बिस्किट दिलं, त्यांना परत रिक्षात बसवलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

याच्या आधी आम्ही एका डीलरकडून ६२ हजारांचं नवीन ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या लाइनी आणि आतले फोन जोडणारं मशीन, घेऊन बसलो होतो. नाव लिहीत नाही. त्याने छापील कागद दाखवून सांगितलेलं की मशीन पूर्ण नॉन-ब्लॉकिंग आहे, आता एकही कॉल सुटणार नाही. वर पस्तीस सेकंदांचं वेलकम रेकॉर्डिंग, मागे बासरी, अमक्यासाठी एक दाबा तमक्यासाठी दोन दाबा. महिनाभरात थोडा फरक वाटला पण तक्रारी चालूच. त्याला फोन केला तर म्हणाला मशीनमध्ये काही फॉल्ट नाही, रिपोर्ट बघा, तुमच्या लाइनी तर पूर्ण भरतही नाहीत. आणि रिपोर्टमध्ये खरंच तसंच दिसत होतं, त्यामुळे माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही.

तेव्हा माझ्या मावसदिरांनी दांडिया बाजारातल्या या काकांकडे पाठवलं. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, आयुष्य एक्स्चेंजमध्ये गेलेलं, आणि आता ते आणि त्यांची इंजिनिअर मुलगी मिळून दुकान चालवतात. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, दोन रॅक, एक टेबल, भिंतीवर जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजमधला एक सिलेक्टर, म्हणजे पूर्वी कॉल जोडणारा यांत्रिक भाग, खिळ्याला टांगलेला. मी म्हटलं काका, लाइनी वाढवायच्यात, किती लावू, सहा की दहा? ते म्हणाले, "ताई, मला कसं माहीत? आधी मोजू. तुमचा सगळ्यात गर्दीचा तास कुठला?"

मी दिवसाचा आकडा सांगायला लागले तर हाताने थांबवलं. दिवसभराच्या कॉलशी काही घेणं नाही म्हणाले. टेलिफोनवाले पहिल्यापासून बिझी अवर धरूनच हिशोब करतात, कारण दुपारी तीनला दहा लाइनी रिकाम्या असल्याने सकाळच्या माणसाचा फोन लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला काका लॅबमध्ये हजर. लाल पाठपुठ्ठ्याची लांब वही, हातात साधं घड्याळ, आणि काउंटरच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले. प्रत्येक कॉलला एक रेघ, पाचवी रेघ आडवी, बाजूला कॉल किती वेळ चालला ते. दोन दिवस. मध्येच एकदा मी विचारलं मशीनमधून तर सगळं निघतं ना, मग वहीत कशाला. तर म्हणाले मशीन सांगतं कॉल किती वेळ चालला, पण त्या वेळात काय बोलणं झालं ते सांगत नाही. हे तेव्हा मला कळलं नाही, नंतर कळलं.

दोन दिवसांनी वही पुढे करून त्यांनी जे सांगितलं त्याने माझे डोळे उघडले. या वहीत आणि तुमच्या मशीनच्या रिपोर्टमध्ये फक्त लागलेले कॉल आहेत, म्हणाले, न लागलेल्यांची नोंद कुठे आहे? बादली भरली की ओघळून गेलेलं पाणी बादलीत मोजता येत नाही. त्यांच्या भाषेत येऊ पाहणारा ट्रॅफिक वेगळा आणि प्रत्यक्ष वाहिलेला ट्रॅफिक वेगळा, आणि आपल्याला हवा असतो पहिला. तो कळण्यासाठी मुलीने आठवडाभर ट्रायलवर पंधरा चॅनलची एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी, एका वेळी पंधरा कॉल घेणारी लाइन, जोडली, जुने नंबर तिच्यावर वळवले, आणि आम्हाला सांगितलं की या आठवड्यात सकाळी शक्य तितकी माणसं फोनवर बसवा. मग मी, धाकटे दीर, भाचा आणि काउंटरवरच्या तीन मुली असे सहा जण बसलो. म्हणजे नळ पूर्ण उघडून पाणी किती येतं ते बघायचं.

आकडा आला, साडेसात ते साडेआठ या तासात सरासरी ८० कॉल, प्रत्येक कॉल रेकॉर्डिंग धरून सरासरी ३ मिनिटांचा. ऐंशी गुणिले तीन म्हणजे २४० मिनिटं, आणि एका तासात मिनिटं ६०, म्हणजे हा झाला ४ अर्लांगचा ट्रॅफिक. अर्लांग म्हणजे एक लाइन तासभर सलग भरलेली. मला वाटलं चार अर्लांग म्हणजे चार लाइनी लागतील, हिशोब संपला. काका हसून म्हणाले, चार लाइनी लावल्या तर शंभरातल्या ३१ जणांना एंगेज टोन मिळेल.

इथेच सगळी गंमत आहे. लोक रांग लावून एकामागे एक फोन करत नाहीत, वाटेल तेव्हा करतात, मग कधी एकदम सात येतात आणि कधी दोन मिनिटं सगळं शांत. त्या शांत वेळेत आमची लाइन मोकळी दिसायची आणि आम्हाला वाटायचं सगळं ठीक चाललंय. तीन लाइनींवर चार अर्लांग आले तर शंभरात ४५ कॉल परत जातात आणि तरीही प्रत्येक लाइन तासातला पाव वेळ रिकामीच असते! मी दोनदा विचारून घेतलं. म्हणजे त्या डीलरने दाखवलेला रिपोर्ट खोटा नव्हता, पण त्यावरून त्याने काढलेला अर्थ पार उलटा होता. त्या मशीनचा फायदा झाला होता तो एवढाच, की पूर्वी आमचे तीन नंबर तीन कामांना वाटलेले होते, होम कलेक्शनचा वेगळा, रिपोर्टचा वेगळा, डॉक्टरांचा वेगळा, तेव्हा शंभरातले ५७ परत जात होते. मशीनने तिन्ही लाइनी एकत्र जोडल्या म्हणून ते ४५ वर आलं. हे काकांनी स्वतःहून सांगितलं, दुसऱ्याच्या कामातलं चांगलं लपवलं नाही, हे मला फार आवडलं.

एकत्र करण्याचा फायदा मोठ्या ऑफिसला तर खूपच जास्त. दहा लाइनींवर शंभराला एक कॉल सुटेल इतपत ट्रॅफिक घ्यायचा तर तो साडेचार अर्लांगच्या आत येतो. असे तीन वेगळे गट केले तर साडेतेरा. पण त्याच तीस लाइनी एकाच गटात, म्हणजे एका पीआरआयवर (तीस कॉल एकत्र नेणारी डिजिटल लाइन), टाकल्या तर वीस अर्लांग आरामात. त्यामुळे ज्यांनी डिपार्टमेंटवार नंबर वाटून ठेवलेत त्यांनी आधी हे करा, याला खर्चही फारसा नाही.

आणि ते नॉन-ब्लॉकिंग प्रकरण. हे मला विशेष लिहायचंय कारण या शब्दावर आम्ही ६२ हजार दिले. तो शब्द खोटा नाही, पण तो मशीनच्या पोटातल्या रस्त्याबद्दल आहे. १९५३ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या चार्ल्स क्लोस यांनी गणिताने दाखवलं की छोटे छोटे स्विच तीन टप्प्यांत जोडून असं जाळं करता येतं की आतमध्ये कोणत्याही मोकळ्या टोकापासून कोणत्याही मोकळ्या टोकापर्यंत कायम वाट सापडतेच. प्रत्येक पहिल्या स्विचवर जर n लाइनी येत असतील तर मधल्या टप्प्यात कमीत कमी दुप्पट n वजा एक एवढे स्विच पाहिजेत, हा त्यांचा नियम. काकांनी हे बिलाच्या मागे काढून दाखवलं, पाच लाइनींचा गट असेल तर मध्ये नऊ. पण बाहेरून आत यायला तीनच लाइनी असतील तर आतलं जाळं कितीही मोकळं असून उपयोग काय. कार्यालयात पाचशे पानं वाढलीत आणि दार एका माणसाचं, असं झालं ते.

आता हे एंगेजचे आकडे ज्या सूत्रातून निघतात त्याबद्दल थोडं, कारण काकांनी ज्या आपुलकीने सांगितलं ते विसरणार नाही. हे सगळं बसवलं ते डेन्मार्कच्या आग्नर क्रारूप अर्लांग या गणितज्ञाने. १९०८ मध्ये ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागले, १९०९ मध्ये पहिला निबंध, आणि १९१७ मध्ये ते सूत्र ज्यावर आजही जगभर लाइनी मोजतात. काका म्हणाले हा माणूस नुसता टेबलावर बसून गणित करणारा नव्हता, रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरून स्वतः मोजमाप घ्यायचा आणि मागे एक कामगार शिडी घेऊन चालायचा. १९२९ मध्ये गेले, जेमतेम ५१ वर्षांचे, आणि एककाला त्यांचं नाव मिळालं ते १९४६ मध्ये. एक्स्चेंजमध्ये कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात हे नाव ऐकलं आणि अजून रोज घेतो, असं काका म्हणाले. त्यांच्याकडे त्या सूत्राचे तक्ते आहेत, झेरॉक्सची झेरॉक्स, कडा पिवळ्या पडलेल्या. मुलगी तेच लॅपटॉपवर एका सेकंदात काढते पण काका तक्त्यात बोट ठेवूनच बघतात आणि दोघांचा आकडा जुळला की मान हलवतात.

सूत्र दोन आहेत आणि दोन्हींतला फरक त्यांनी पंगतीवरून समजावला. पहिल्यात जागा नसेल तर पाहुणा न जेवता घरी जातो, हा एंगेज टोन, याला अर्लांग बी म्हणतात. दुसऱ्यात पाहुणा जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभा राहतो, हे होल्डवर ठेवणं, अर्लांग सी. लाइनी मोजायला पहिलं, फोन घेणारी माणसं मोजायला दुसरं. आणि आमचं दुखणं दोन्हीकडे होतं, हे वहीतून निघालं. नुसत्या दहा लाइनी लावल्या असत्या तर तक्त्याप्रमाणे एंगेज टोन दोनशेत एकालाच मिळायला हवा, पण प्रत्यक्षात लोक होल्डवर लटकले असते, कारण रेकॉर्डिंग सोडून प्रत्यक्ष बोलणं दोन मिनिटं पंचवीस सेकंद, ऐंशी कॉलचे झाले सव्वातीन तास, आणि काउंटरवर रोजच्या मुली तीन. तासाभरात तिघींकडे तीनच तास असतात. रांग वाढतच जाणार, ती काही केल्या संपणार नाही.

मी म्हटलं म्हणजे अजून माणसं ठेवायची? तर काकांनी वही उघडली. आता कळलं ती वही कशासाठी होती. बहुतेक कॉलमध्ये सगळ्यात जास्त वेळ पत्ता सांगण्यात जात होता, "सोसायटीच्या मागे, दुधाच्या बूथवरून डावीकडे, नाही नाही दुसरं डावीकडे" असं. त्यानंतर टेस्टचे भाव. आणि त्या पस्तीस सेकंदांच्या बासरीचा हिशोब तर त्यांनी वेगळाच मांडला होता, ऐंशी कॉल गुणिले पस्तीस म्हणजे ४६ मिनिटांच्या वर. एक अख्खी लाइन तासातला पाऊण तास नुसती बासरी ऐकवत होती! आम्ही त्याचे पैसे दिले होते.

मग असं ठरलं. रेकॉर्डिंग आठ सेकंदांचं, आधी गुजराती, मग मराठी, मग हिंदी, एकेक ओळ. पत्ता फोनवर घ्यायचा नाही, कॉल चालू असतानाच मुलगी मेसेज पाठवते, लोक लोकेशन टाकतात, ज्यांना जमत नाही त्या म्हाताऱ्या माणसांचा पत्ता मात्र शांतपणे फोनवरच घ्यायचा, त्यांना घाई करायची नाही. जुन्या पेशंटचा पत्ता नंबरवरून आपोआप समोर येतो. भावांची यादी आधीच मेसेजवर. तीन मिनिटांचा कॉल महिन्याभरात दीड मिनिटावर आला. कॉल तेवढेच, ऐंशी, पण ट्रॅफिक चारवरून दोन अर्लांगवर! ट्रॅफिक म्हणजे कॉलची संख्या गुणिले कॉलची लांबी, दुसरा आकडा आपल्या हातात असतो आणि त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

दोन अर्लांगला आठ चॅनल घ्यायला लावले. मी विचारलं सहावर शंभराला एकच सुटतो असं तुमचाच तक्ता सांगतो, मग आठ का? कारण होल्डवर थांबलेला माणूसही लाइन अडवूनच बसलेला असतो, तक्ता त्याला धरत नाही. त्याला धरून आठ चॅनलवर दोनशेत एखादा कॉल परत जाईल, म्हणाले, म्हणजे आमच्याकडे दोन-तीन दिवसांतून एखादा. आणि माणसांचं म्हणाल तर तीन मुलींवर होल्डचा वेळ सरासरी २५ सेकंद निघत होता, चौथं माणूस बसलं की ५ सेकंद. चौथी मी बसते, साडेसात ते साडेआठ, बाकी दिवस नाही. एका माणसाने पंचविसाचे पाच होतात, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

एक गोष्ट मात्र त्यांनी अगदी स्पष्ट सांगितली की हे सूत्र कुठे चालत नाही. माणसं आपापल्या मनाने फोन करतात तोपर्यंत ते बरोबर. पण आम्ही संध्याकाळी सहाला सगळ्यांना एकदम "रिपोर्ट तयार आहे" मेसेज सोडायचो आणि सहा वाजून दोन मिनिटांनी फोनचा धबधबा, ती गर्दी आम्हीच बनवलेली. तिथे कितीही लाइनी लावा, कमीच पडणार. आता मेसेज पाच ते सात थोडे थोडे जातात. तसंच एंगेज मिळाला की आपला माणूस गप्प बसत नाही, लगेच परत लावतो, सूत्र मात्र धरतं की तो निघून गेला. त्या आजोबांचे अकरा कॉल म्हणजे मागणी एकच होती. ज्या सिस्टीममध्ये लाइनी आधीच कमी आहेत तिथे हे परत-परत लावणं गर्दी आणखी वाढवतं, म्हणून ट्रायलचा आठवडा मोकळ्या लाइनींवर घेतला.

काकांकडे बसलं की गप्पा निघतातच. देशात टेलिफोन क्रांती आणणारे सॅम पित्रोदा आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकले हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असणार, मलाही सांगितलं. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी टेलिफोन संशोधन संस्था निघाली, तिने खेड्यांसाठी १२८ पोर्टचं छोटं एक्स्चेंज केलं जे एसीशिवाय आपल्या उन्हाळ्यात चालायचं, आणि पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला लागलं. हे सांगताना काकांचा आवाज बदलतो. त्या काळात फोन नाही म्हणजे काय हे त्यांनी पाहिलंय, म्हणूनच बहुतेक आमच्या आजोबांची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी एक शब्द न बोलता वही काढली.

खर्च सांगते, सगळे विचारतात. मोजणी आणि ट्रायलचे मिळून साडेतीन हजार घेतले, आणि जुनं मशीनच ठेवलं! नवीन विकलं असतं तर त्यांना कितीतरी सुटले असते. फक्त एसआयपीचं कार्ड, दोन हेडसेट आणि सेटिंग.

अर्धा स्टार कापला तो यासाठी. रविवारी फोन उचलत नाहीत आणि लॅबला रविवार नसतो. ऑगस्टमध्ये वीज पडून कार्ड गेलं तेव्हा बदलून मिळायला दोन दिवस लागले, तेवढे दिवस मोबाइलवर काम काढलं. सर्ज प्रोटेक्टर आधीच लावायला सांगायला हवा होता, हे त्यांनी मान्य केलं आणि नंतर स्वतः येऊन लावून दिला. हेडसेटची वायरही थोडी आखूड आहे, मुलींना फाइल काढायला उठलं की काढून ठेवावा लागतो.

जायचं असेल तर सकाळी अकरानंतर जा, त्याआधी काका कुठल्यातरी ऑफिसात स्टुलावर बसलेले असतात. जाताना तुमचा गर्दीचा तास आणि फोनवर साधारण काय बोलणं होतं ते मनात तयार ठेवा, दिवसाचा आकडा ते ऐकून घेत नाहीत. आणि आजोबांबद्दल कोणी विचारेल म्हणून लिहिते, त्यांची तीन महिन्यांची एचबीएवनसी (शुगरची टेस्ट) गेल्या आठवड्यात होती, ७.४० ला फोन आला, मीच उचलला, दुसऱ्या रिंगला.